पुढचं मॉडेल येईपर्यंत

दात परत आला तेव्हा तो आपल्या फोनवर दुसऱ्या एका फोनबद्दल वाचत होता. कुरिअरवाल्याने डबी टेबलावर ठेवली, सही घेतली, तो गेला, आणि याने मान वर केली नाही. "आला बघ माहेरपणाला," प्लास्टर म्हणाला. प्लास्टर म्हणजे दातांच्या लॅबमधला त्याचा जोडीदार. जन्मभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओतत आल्यामुळे त्याच्या भुवयांत, कानांत, जेवणाच्या डब्यातल्या चमच्यावरसुद्धा ती पांढरी पूड सापडायची आणि त्याचं खरं नाव आता कुणालाच लागत नव्हतं. डबी उघडली तर आत गेल्या आठवड्यात पाठवलेला वरचा पुढचा दात, स्पंजात रुतून बसलेला. पाठोपाठ डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, पांढरा झालाय हो. पेशंट म्हणतो, तोंडातला एकच दात लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय. आकार उत्तम, बसतो उत्तम, पण रंग चुकला. तुमच्याकडून असं पहिल्यांदाच झालं बघा." पहिल्यांदाच, हे त्या अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या आणि तेच त्याला जास्त लागलं. दात चिमट्यात धरून तो खिडकीशी गेला. उजेडात एकदा फिरवला. खोटं कशाला बोला, पहिल्या नजरेतच चूक दिसली.

चूक कशी झाली तेही लगेच कळलं. दवाखान्यातून डॉक्टर तोंडाचा फोटो पाठवतात. मोडक्या दाताच्या शेजाऱ्यालगत रंगांच्या पट्टीतला एक नमुन्याचा दात धरलेला असतो. तो फोटो समोर ठेवून हा चिनी मातीचे थर ब्रशने चढवत जातो, भट्टीत भाजतो, पुन्हा चढवतो. मुळाशी जरा ऊब, मध्ये दुधाळ, टोकाला पाण्यासारखी निळसर झाक. पण त्याच्या फोनचा पडदा गेल्या वर्षापासून पिवळा पडत चालला होता. आधी कोपऱ्यात, मग सगळीकडे, म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखा. तेव्हापासून तो मनातल्या मनात थोडा पिवळेपणा वजा करून काम करायचा. इतकी वर्षं रंगात घालवल्यावर एवढं वजाबाकीचं गणित जमायला हरकत नव्हती, आणि जमतही होतं. या वेळी जरा जास्त वजा झालं, एवढंच. "फोन बदल," प्लास्टर म्हणाला. "आज बदल. संध्याकाळी जा आणि घेऊन ये." "दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय," तो म्हणाला. "त्याचा कॅमेरा रंग जसाच्या तसा दाखवणार आहे. आत्ता घेतला तर दोन महिन्यांनी हात चोळत बसायचं." प्लास्टरने साच्यावरची पूड फुंकली. "गेल्या वर्षीपण दोन महिनेच होते की रे." यावर त्याच्याकडे उत्तर होतं. गेल्या वर्षीचं मॉडेल आलं ते तापत होतं. लोकांनी लिहिलं होतं, तज्ज्ञांनी मोजून दाखवलं होतं. ते तेव्हाच घेतलं असतं तर आज खिशात निखारा घेऊन फिरावं लागलं असतं. म्हणजे थांबला हे बरंच झालं ना? पण हे सगळं तोंडातून बाहेर पडायच्या आत प्लास्टर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. ती खिडकी आहे ना, तिच्यात बघ, दात कर." मग त्याने पाण्यात पूड कालवायला घेतली. याला राग आला. फोनचा आला, फोन बनवणाऱ्या कंपनीचा आला, लग्नाला निघालेल्या त्या दाताचा आला. प्लास्टरचा मात्र येऊ शकला नाही, कारण त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती.

बायकोनेही हेच सांगितलं होतं, निराळ्या शब्दांत. आणि बायकोच्या दाताची गोष्ट काही आजची नव्हती. ती पोहायला शिकवते, शहरातल्या मोठ्या तलावावर, लहान मुलांना. ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि तोंड शिडीच्या दांडीवर आपटलं, तेव्हा वरचा पुढचा दात अर्ध्यात मोडला. ती हातात तुकडा घेऊन घरी आली होती आणि रडण्याऐवजी हसत होती. "नवरा दातवाला असल्यावर मला कशाची चिंता?" त्याने त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडून उरलेला अर्धा दात घासून घेतला, घाईघाईने प्लास्टिकची एक टोपी केली आणि बसवून दिली. तात्पुरती. खरा दात मी सावकाश करणार, असं तो म्हणाला. तुझ्या दाताला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. हे तो मनापासून म्हणाला होता. तिचा दात काही पट्टीतल्या कुठल्या एका नंबरचा नव्हता. लग्नाआधी पहिल्यांदा ती त्याच्यासमोर खळखळून हसली तेव्हा त्याने आधी तिचे दातच पाहिले होते. धंद्याची खोड, दुसरं काय. तिच्या पुढच्या दातांच्या टोकाशी एक करडी-निळी झाक होती, पहाटे खिडकीच्या काचेवर असते तशी, आणि तिथेच एक बारीक पांढरा ठिपका. असला दात आयुष्यात एकदाच करायचा आणि करायचा तर असा की तिला स्वतःलासुद्धा कुठला आपला आणि कुठला त्याचा ते सांगता येऊ नये. त्यासाठी तिच्या शेजारच्या शाबूत दाताचा एक खरा फोटो हवा होता. पिवळा नाही, निळा नाही. खरा. आणि खऱ्या फोटोसाठी खरा कॅमेरा.

"अरे, पण मी याच घरात राहते ना?" ती म्हणाली होती. "फोटो कशाला हवा? मला बघ की." त्याने तिला समजावलं. माणसाने तोंड उघडं ठेवलं की दात सुकतो, आणि सुकला की पांढरा दिसायला लागतो. भट्टी तिकडे आणि तोंड इकडे, मधला रस्ता डोळ्यांत रंग धरून ठेवून कापता येत नाही. हे सगळं खरं होतं, कुठल्याही पुस्तकात सापडेल. तिने ते ऐकून घेतलं आणि एका सुट्टीच्या दिवशी स्वतःच त्याच्या कामाच्या जागी येऊन खुर्चीत बसली. "घे. भट्टी पण इथे आणि तोंड पण इथे." बाहेर सुंदर उजेड होता. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला, तिने ओठ वर उचलून धरले, आणि त्याने खिशातून फोन काढला. नुसता एक फोटो, आठवणीला असावा म्हणून. तो पिवळा आला. मग त्याने खिडकी अर्धी लावली. मग पूर्ण उघडली. मग पाठीमागे पांढरा कागद धरला, मग करडा. कॅमेऱ्यातलं एक बटण दाबलं की रंग दुरुस्त होतो असं कुणीतरी लिहिलं होतं ते शोधायला लागला. ते सापडलं तेव्हा त्याने मान वर केली. तिचा दात केव्हाच सुकून खडूसारखा झाला होता आणि ओठ धरून धरून तिची बोटं अवघडली होती. "झालं?" तिने विचारलं. "आज जमेल असं वाटत नाही," तो म्हणाला. ती उठली, तोंड धुतलं, पर्स उचलली. काही बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. "राहू दे," एवढंच ती म्हणाली.

आणि ते राहिलं. प्लास्टिकची टोपी झिजली, डागाळली, एकदा भर वर्गात पाण्यात पडली. मॅडमचा दात पडला म्हणून सगळी पोरं दम धरून तळाशी बुड्या मारायला लागली. कधी नव्हे ती सगळी एकदम इतकी खोल गेली. शेवटी एका मुलीने तो वर काढून बक्षीस मिळाल्यासारखा उंच धरला. हे घरी सांगताना बायको हसली होती, पण तोंडावर हात ठेवून. शिट्टी आता ती ओठांच्या कोपऱ्यात धरायची, त्यामुळे वाजायची कमी आणि हवाच जास्त जायची. त्याने संध्याकाळी टोपी पुन्हा चिकटवून दिली होती आणि म्हणाला होता, जरा कळ काढ, आता घोडं मैदान जवळच आहे. त्याच्या डोक्यात मैदान म्हणजे त्या नव्या मॉडेलची तारीख होती. तोंडावर हात ठेवून हसायची मग तिला सवयच लागली. हे त्याला दिसलं होतं बरं का. दिसलं नव्हतं असं नाही. दर वेळी टोचायचंही, आणि टोचलं की तो फोन उघडून नव्या मॉडेलचं काय झालं ते बघायचा.

थांबण्याचं हे बाळकडू वडिलांचं. त्याच्या लहानपणी गल्लीत एकेका घरात टीव्ही यायला लागला तेव्हा वडील म्हणाले, थांबा, रंगीत येतोय. शेजाऱ्यांनी काळापांढरा घेतला. हा आणि दादा त्यांच्या खिडकीच्या गजांना धरून उभे राहायचे, आणि पावलं दुखली की पाळीपाळीने एकमेकांच्या पाठीवर टेकायचे. रंगीत आला तेव्हा वडील म्हणाले, आता किमती उतरतील. किमती उतरल्या तेव्हा मोठ्या पडद्याचे येणार होते. पण मधे एक दिवस असा आला होता की शेजारचे काका वडिलांना म्हणाले, "तुम्ही शहाणे निघालात बुवा, आम्ही उगाच घाई केली." वडील नुसता चष्मा पुसत राहिले. त्या क्षणी त्याला वडिलांचा एवढा अभिमान वाटला होता की पायांचं दुखणं विसरायला झालं. दादाला तसलं काही वाटलं नसावं. तो मोठा झाल्यावर दुकानात जे दिसेल ते उचलून आणतो, चार दिवसांत त्याला कंटाळतो आणि सुखाने झोपतो. कालच फोनवर म्हणाला, "धाकट्या, घेऊन टाक रे एकदाचा. आपल्या घरी टीव्ही आला तेव्हा तो बघायला कोण होतं सांग बरं? आपण दोघंही बाहेर पडलो होतो. आईला रंग कळत नव्हते, मोतीबिंदू झाला होता." हे आठवून आता दुपारी, हातात परत आलेला दात घेऊन, त्याला दादाचाही राग आला. काय गरज होती आईचं काढायची? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं त्याने तेव्हा दादाला सुनावलं होतं आणि फोन ठेवला होता.

पण बायकोचं सकाळचं बोलणं काही केल्या मनातून जाईना. ती दारात चपला घालता घालता म्हणाली होती, "शनिवारी तलावावर आमचा फोटो काढणार आहेत. मला मुख्य शिक्षिका केलं ना, म्हणून भिंतीवर लावणार." "अरे वा," तो म्हणाला होता. "शनिवारपर्यंत तुझा दात करतोच." तेव्हाही तो काहीतरी वाचत होता. ती क्षणभर दारात थांबली. तो थांबलेपणा त्याला कानांनी कळला, चपलांचा आवाज थांबला म्हणून. मग ती गेली. आता ते सगळं नीट आठवून बघताना त्याला घाम फुटला. शनिवारपर्यंत करतोच, म्हणे. कशाच्या जोरावर? ज्या पडद्याने आज डॉक्टरीणबाईंसमोर लाज घालवली त्याच पडद्याच्या? तिच्या तोंडात लग्नाला निघालेला दात बसवून तिला भिंतीवर टांगायचं? आणि नवीन मॉडेल येईपर्यंत थांबायचं तर भिंतीवर ती ओठ मिटून उभी राहणार, कायमची. येणारी जाणारी माणसं म्हणणार, या बाई हसत का नाहीत? "दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत," प्लास्टर पलीकडून म्हणाला. तो दुसऱ्याच कुणाच्या कवळीबद्दल बोलत होता. पण याने ऍप्रन काढून खिळ्याला लावला आणि कामाची वेळ संपायच्या आधी बाहेर पडला. असं त्याने आजवर केलं नव्हतं.

दुकानात शिरताना त्याच्या खिशात रंगांची पट्टी होती. ती त्याने मुद्दाम घेतली होती की हाताला लागली म्हणून आली, देव जाणे. काचेच्या लांबलचक टेबलावर फोन मांडले होते, सगळे एकसारखे हसऱ्या माणसांचे फोटो दाखवत. त्याने पट्टी उघडली, पंख्यासारखी पसरली आणि एकेका फोनच्या पडद्याशेजारी एकेक दात धरून बघायला लागला. आजूबाजूची दोनचार गिऱ्हाइकं हळूच सरकली. बोलून बोलून घसा बसलेला एक विक्रेता जवळ आला. "साहेब, हे दात आहेत का?" "हो." "खरे?" "त्याहून बरे." विक्रेत्याने यावर थोडा विचार केला आणि घसा खाकरला. "मदत करू?" मग याने त्याला सगळं विचारून घेतलं. नवं मॉडेल केव्हा, त्यात काय, यात काय नाही, हे आत्ता घेतलं तर नवं आल्यावर याचं काय होणार. विक्रेता बराच वेळ पाठ केलेलं बोलला. शेवटी थकला असावा. इकडेतिकडे बघून म्हणाला, "खरं सांगू का साहेब? नवा येणारच आहे. मग त्याच्या पुढचा येणार आहे. तुम्हाला आज फोटो काढायचाय का?" "आज," तो म्हणाला. आणि हा शब्द स्वतःच्या तोंडून ऐकून त्याचा त्यालाच धक्का बसला. एका फोनच्या कॅमेऱ्यातून त्याने पट्टी बघितली. पडद्यावरचा दात आणि हातातला दात यांत फरक नव्हता. मुळाशी ऊब होती, टोकाला निळसर होतं. इतके दिवस हा इथे, या टेबलावर, रस्त्यावरून दिसेल असा पडून होता. "द्या," तो म्हणाला.

घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं आणि पुढच्याच वळणावर पस्तावायला होत होतं. दोन महिने. फक्त दोन महिने कळ काढली असती तर? दुकानाच्या दिशेने तो एकदा वळलाही, पावती दाखवून परत करता येतो का विचारावं म्हणून. मग भररस्त्यात उभं राहून त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली. शेजारून जाणारी बाई दचकली. पण त्यानंतर पाय सरळ घराकडे चालायला लागले. मनात त्याने कामाची आखणी सुरू केली. जेवायच्या आधी खिडकीतल्या उजेडात फोटो. उद्या पहिला थर, परवा दुसरा, टोकाची झाक तिला समोर बसवून. हो, समोर बसवूनच. ठिपका सगळ्यात शेवटी. डॉक्टरीणबाई शुक्रवारी बसवतील. शनिवारी ती भिंतीवर हसेल आणि त्यातला कुठला त्याचा ते कुणालाच कळणार नाही. त्याला वाटलं, हे तिला सांगताना आपल्याला रडू येईल की काय. आलं तर येऊ दे, त्याने ठरवलं.

ती टेबलाशी बसून मुलांची नावं गटांत लावत होती. केस अजून ओले होते आणि तिला तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास येत होता. त्याने खोकं तिच्यासमोर ठेवलं. "घेतला," तो म्हणाला. तिने खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "खरंच? तू?" "तुझ्यासाठी. चल, खिडकीशी ये. उजेड आहे तोवर फोटो काढू. शनिवारपर्यंत होतो दात, मी हिशेब केलाय सगळा." ती उठली नाही. पेन्सिल खाली ठेवली. आणि मग ती हसली, तोंडावर हात न ठेवता, सगळे दात दाखवून. "अरे, तो झाला की," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. दात होता. चांगला होता. नीट बसला होता, हिरडी निरोगी गुलाबी होती. रंग किंचित पांढऱ्याकडे झुकलेला, टोक जरा जाड, निळसर झाक नाही, ठिपका नाही. कुणीतरी पट्टीतला एक नंबर निवडला होता आणि केला होता. पाच पावलांवरून कुणाला काही कळलं नसतं. "कधी?" त्याने विचारलं. "झाले बरेच दिवस. पोहायला येणाऱ्या मुलांची परीक्षा होती त्या आठवड्यात. तलावाजवळ एक दवाखाना आहे, तिथे." "कुणी केला? म्हणजे, कुठल्या लॅबकडून?" "ते मी नाही विचारलं," ती म्हणाली. "मी काही चोरून नाही रे केला. पहिल्या दिवशी घरी आले आणि तुझ्यासमोर बसून हसले. मुद्दाम. म्हटलं, आता हा ओरडणार. दुसऱ्या दिवशी पण हसले. मग वाटलं, बघू तरी कधी दिसतो ते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग कधीतरी येऊन गेला होता, हा घरी नसताना किंवा हा घरी असताना, आणि तिने तो एकटीनेच संपवला होता.

परीक्षेचा आठवडा. तो मनात मागे मागे गेला. त्या आठवड्यात नव्या मॉडेलचे पहिले फोटो फुटले होते, हे त्याला स्पष्ट आठवलं. मागच्या बाजूला तीन भिंगं, कडा गोल, एक रंग हिरवट. टेबल आठवलं, टेबलाच्या पलीकडून येणारा तिचा हसण्याचा आवाजही आठवला. कुठल्याशा मुलाची गोष्ट होती, जो पाण्याला घाबरत होता आणि मग घाबरेनासा झाला. आवाज पूर्ण आठवत होता. त्याच्यावर चेहरा ठेवायला गेला तर जागा कोरी होती. दिवसभर अनोळखी माणसांची तोंडं बघणारा माणूस तो, शेजाऱ्याची दाढ दुखते हे त्याच्या बोलण्यावरून ओळखणारा. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ती लपवायला जागा उरली नाही. "मला करायचा होता," तो कसाबसा म्हणाला. "माहितीये मला," ती म्हणाली, आणि तिने हे इतकं मायेने म्हटलं की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

तिनेच मग खोकं पुढे ओढलं. "दाखव तरी, काय आणलंस ते." सील फोडलं, फोन बाहेर काढला, उलटसुलट केला. "छान आहे की. हलका आहे. इकडे बघ." तिने तो डोळ्यांसमोर धरला आणि त्याचा फोटो काढला, मग फोन त्याच्या हातात दिला. त्याने पाहिलं. सदऱ्याच्या कॉलरवर प्लास्टरची पूड होती आणि ती पांढरीच आली होती. पाठीमागची भिंत होती तशीच होती, ना पिवळी, ना निळी. त्याने बोटांनी फोटो मोठा केला, कोपरे बघितले, सावलीतला भाग बघितला, कॉलरची शिवण बघितली. "रंग अगदी बरोबर आलाय गं," तो म्हणाला. उत्तर आलं नाही म्हणून त्याने मान वर केली, तेव्हा समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं.